दामूचा नंबर

आमच्या अलिबागच्या ऑफिसात हिरामणदादांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायची सोय नाही. समोरून एकच येतं, “लायसन लिवलं का?”

आम्ही जेट्टीवर आणि बंधाऱ्यावर लाटा कशा आदळतील याची गणितं मोठ्या कॉम्प्युटरवर करतो. सॉफ्टवेअर महागडं, ते चालवायची लायसन्स सगळ्यांत मिळून चार. एकेक गणित म्हणजे एक जॉब; तो लावताना किती लायसन्स हवीत ते लिहायचं, मग रांगेत नंबर लागतो. मी एकदा लिहायला विसरले. जॉब सुरू झाला, लायसन्स मिळेना, आपटला. वर दादांनी आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ओळख ‘बिनलायसनची बाय’ अशी करून दिली. असा संताप आला होता म्हणून सांगू!

रांग सांभाळायचं काम दादांचं, आणि त्यांचा स्वतःचा एकुलता एक जॉब कायम शेवटी. नाव ‘दामू’. दामू त्यांचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी बोट घेऊन गेला, वादळात सापडला, तो परत आलाच नाही. त्या दिवसाचा वारा आणि भरती-ओहोटी घालून बोट कुठे वाहत गेली असेल ते दादांना काढायचं होतं. साहेबांची परवानगीही होती. पण या बाबाने चारही लायसन्स एकदम मागून ठेवलेली. ती एकाच वेळी मोकळी कधी सापडणार? एकात भागेल, हे मी कितीदा तरी सांगितलं. “तुमचा होऊंदे पयला,” हे ठरलेलं उत्तर. शिमग्याला सगळा कोळीवाडा नाचत असायचा आणि हा माणूस रिकाम्या ऑफिसात कसलीतरी चाचणी चालवत बसायचा. आम्ही, लाज वाटते सांगायला, हसायचो.

यंदा शिमग्याला दादा तापाने घरी. मी सगळ्यांच्या हातापाया पडून आपापले जॉब रांगेतून काढायला लावले. ‘दामू’ सुरू झाला. दोन तासांत उत्तर येणार होतं. मी आनंदाने दादांना फोन केला.

ते तसेच अंगात ताप घेऊन आले. स्क्रीनकडे बघितलं, जॉब रद्द केला आणि पुन्हा लावायला घेतला, चारही लायसन्स मागून. मी भडकलेच. एवढं करून हे असं?

“आय रोज इचारते, दामूचा नंबर लागला का,” ते खाली बघत म्हणाले. “मी सांगतो, अजून न्हाय. मंग ती दोन घास खाते. उत्तर आलं तं काय सांगू तिला?”

मी खुर्ची ओढली आणि हाताला लागला तो जुना जॉब ‘दामू’च्या पुढे लावून दिला.

दादा अजूनही सकाळी माझ्यावर डाफरतात. सुट्टी आली की आदल्या दिवशी मी एक जॉब लावून घरी जाते. त्यात गणित काहीच नसतं, नुसता चालत राहतो. लायसन्स मात्र न चुकता लिहिते, एक. ‘दामू’ला उरतात तीन.