फुटाला इंच

तात्या सपकाळांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भर दुपारी चिखलात पालथे पडले होते. एक गाल जमिनीला टेकलेला, एक डोळा घट्ट मिटलेला, अंगावर खाकी वर्दी. वाईहून येऊन मी नुकताच कोयनानगरच्या कॉलनीत उतरलो होतो, हातात ट्रंक आणि काखेत वळकटी. माणूस चक्कर येऊन पडला असं समजून मी ट्रंक तिथेच टाकली आणि धावत जाऊन वाकलो. तात्या जागचे हलले नाहीत. म्हणाले, "जरा सावली सोडा. म्होरलं चाक दिसंना."

तेव्हा मला ती जीप दिसली. फूटभर लांब, पत्र्याची, हिरव्या रंगाची. दगडगोट्यांच्या चढावर ती कुरकुरत वर सरकत होती आणि तिच्या पुढच्या चाकाखाली सुपारीएवढा खडा आला होता. चाक खड्यावर चढलं, गाडी तिरपी झाली, सावरली आणि पलीकडे उतरली. मग तात्या उठले, वर्दी झटकली आणि मी कोण, कुठला, हे काही न विचारता अभिमानानं म्हणाले, "फ्रंट टाकलाय."

फ्रंट टाकणं म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद जोडणं, एवढं ज्ञान मला पहिल्याच दिवशी मिळालं. पुढे ते वाढतच गेलं, कारण माझी खोली तात्यांच्या क्वार्टरला लागून होती. मी प्रकल्पाच्या कचेरीत ट्रेसर. मोठ्या नकाशांवर पातळ कागद ठेवून शाईनं नकला काढायच्या, हे माझं काम. तात्या तिथले जीप ड्रायव्हर. लष्करात सात वर्षं काढून ते प्रकल्पावर आले, तेव्हा खोऱ्यात रस्ता नावाची वस्तू नव्हती. सर्व्हेवाल्यांना घेऊन ते ओढ्यातून, खडकातून, वेळ पडली तर कुणाच्या भाताच्या खाचरातून गाडी काढत. मग धरण झालं, पाणी साठलं, साहेबलोकांसाठी डांबरी रस्ते आले, आणि तात्यांच्या मते ड्रायव्हरकी तिथेच संपली. "डांबरावर म्हस बी गाडी चालवील," असं ते दिवसातून चारदा म्हणत. एकदा त्यांनी हे मोठ्या साहेबांना गाडीत बसवून ऐकवलं. गाडी त्या दिवशी मोठे साहेब स्वतः चालवत होते.

हातातली विद्या गंजू नये म्हणून तात्यांनी छोट्या जीपा करायला घेतल्या. बॉडीला रॉकेलच्या डब्याचा पत्रा, चाकांवर बॉडी तोलणाऱ्या पाट्यांना मोडक्या छत्रीच्या काड्या, चाकांना सायकलचा टायर कापून, हूडला फाटका रेनकोट आणि इंजिनाच्या जागी गजराच्या घड्याळाची स्प्रिंग. त्यामुळे ज्या घरात गजराचं घड्याळ असे त्या घरावर तात्यांची नजर असे. माझ्याकडे एक होतं. आठवड्यातून एकदा ते दारात येऊन, आजारी माणसाची चौकशी करावी तशी, त्याची चौकशी करत. "अजून चालतंय व्हय?" चालतंय म्हटलं की त्यांचा चेहरा पडे.

गाडी एकदा केली की झाली, असं त्यांचं नव्हतं. एक गाडी चिखलाची, तिची चाकं रुंद. एक खडीची, तिचं पोट उंच. एक पाण्यातून जाणारी, तिच्या धुराड्याचं नळकांडं मान वर करून ठेवलेलं. धूर कुणाच्याच गाडीतून निघत नव्हता, पण नळकांडं सगळ्यांना होतं. प्रत्येक गाडी पुन्हा पुन्हा खोलायची, एक्सल बदलायचा, पाटा वाढवायचा, पुन्हा चढाला लावायची आणि आपण पालथं पडायचं. आणि सगळं कसं, तर फुटाला इंच. खऱ्या गाडीत जे एक फूट, ते इथे एक इंच. साहेबांच्या जीपखाली तास तास शिरून ते दोऱ्यानं मापं घेत. माझी मापपट्टी त्यांनी दोन दिवसांसाठी मागून नेली ती मला परत दिसली नाही. कचेरीतल्या हेडक्लार्कनी एकदा कौतुकानं म्हटलं, तात्या, खेळणं झकास झालंय हो. महिनाभर त्या हेडक्लार्कना जीपमध्ये मागच्या फळीवर बसावं लागलं, तेही स्टेपनीला मांडी लावून. खेळण्याला माप नसतं आणि गाडीला असतं, एवढंही ज्याला कळत नाही त्यानं पुढे बसू नये, हा तात्यांचा न्याय.

म्हणूनच मला त्यांना कोंडीत पकडायची फार हौस होती, आणि एक जागा मला सापडलीही. क्वार्टरमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी गाड्यांसाठी माती-दगडांची वाट केली होती. चढ होता, उतार होता, ओढा होता, सहा वळणं होती. गाडीला स्वतःहून वळता येत नसे, म्हणून तात्या वळणावर बांबूच्या काडीनं तिचं नाक फिरवत. पण ही वाट कुठल्याच मापात बसत नव्हती. सहाही वळणं जवळजवळ, आणि शेवटचा टप्पा मात्र वाटेच्या निम्म्याहून मोठा, सरळसोट. मी म्हटलं, तात्या, गाडी फुटाला इंच आणि वाट मात्र मनाला येईल तशी, हे कसं? तात्या अजिबात गडबडले नाहीत. "वाट बी मापातच हाय, भाऊसाहेब. तुमच्या पट्टीत ते माप न्हाई, येवढंच." पट्टी तर त्यांच्याच खिशात होती.

कोयनेचा पाऊस ज्यानं पाहिला नाही त्याला तो सांगून कळत नाही. ज्येष्ठात सुरू होतो आणि दसऱ्याच्या सुमारास दम खातो. पहिल्याच आठवड्यात वाट वाहून जाणार, म्हणून तात्यांनी तिच्यावर मांडव घातला. बांबू रोवले, कंडम झालेल्या ट्रकची ताडपत्री ओढली, चारी बाजूंना दोऱ्या ताणल्या. तात्यांच्या स्वयंपाकघरात तीन ठिकाणी गळत होतं. त्यांची बायको काशीवहिनी गळतीखाली पातेली मांडत असत आणि वाट कोरडी राहत असे. मला याचा राग यायचा. वहिनी मुकाट बाई. चहा आणून ठेवणार, दाराला टेकून उभ्या राहणार, विचारलं तेवढ्याचं उत्तर देणार. या माणसाशी संसार करून बिचारीनं बोलणं सोडलं असावं, असं मी ठरवून टाकलं होतं.

श्रावण लागायच्या सुमारास कॉलनीचे सुपरवायझर छत्री सांभाळत त्या बाजूनं चालले असताना मांडवाच्या दोरीत पाय अडकून आडवे झाले. छत्री एकीकडे, साहेब दुसरीकडे. तात्या धावत बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, दोरी तुटली नाही ना? झालं. तिसऱ्या दिवशी नोटीस आली. विनापरवाना शेड व मातीचा ढिगारा आठ दिवसांत हटवावा, नाहीतर मजूर लावून सपाट करण्यात येईल. जागेची मोजणी करून नकाशा आणि अभिप्राय द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

तात्या खिशात हात घालून हसतील, म्हशीचं वाक्य म्हणतील, असं मला वाटलं होतं. ते संध्याकाळी माझ्या दारात आले आणि घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. "भाऊसाहेब, पंचमी धरून फुडं चार दीस ऱ्हाऊ द्या. मग माझ्या हातानं काढतो." या माणसानं मोठ्या साहेबांपुढे कधी मान वाकवली नव्हती. चार दिवसांनी असं काय होणार, हे मी विचारलं. ते सांगेनात. मी सुपरवायझरांना जाऊन म्हटलं की पंचमीला मोजणी करतो, हटवायचं त्यानंतर बघू. कारण काय सांगायचं ते सुचेना, म्हणून मी मोघम म्हणालो, पंचमीचं आहे त्यांचं काहीतरी.

तेवढ्यावर कॉलनीनं बाकीचं जुळवलं. मातीचा ढिगारा, वर मांडव, आणि तात्या त्याच्यापुढे रोज पालथे पडतात. म्हणजे ते वारूळ. दुसरं काय असणार? पंचमीच्या सकाळी डोक्यावर इरली घेऊन दहा-बारा बायका तात्यांच्या मागच्या दारी लाह्या आणि दुधाची वाटी घेऊन उभ्या. सगळ्यांत पुढे सुपरवायझरांची बायको. तात्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वाटेकडे पाहिलं, आणि ओढ्याच्या उतारावरून जीप उचलून काखेत धरली. दूध ओढ्यात ओतलं गेलं. तिसऱ्या वळणावर हळदकुंकू पडलं. ओढ्याला आयतं पाणी आलं, असं तात्या मला नंतर म्हणाले.

दुपारी बायका गेल्यावर मी टेप घेऊन मोजणीला गेलो. मोजणी अशी की एका बाजूनं आकडे घ्यायचे आणि दुसऱ्या बाजूनं कागदावर वाट उतरवायची. पाचवं वळण काढलं आणि माझा हात थांबला. हे वळण मी आधी काढलं होतं. पाण्याखाली गेलेल्या गावांच्या जुन्या नकाशांची नक्कल मीच केली होती, आणि खिरवाडीला जाणारी बैलगाडीची वाट त्यात अशीच होती. तोच ओढा, तीच वळणं. खिरवाडीवर आता दोन वर्षं पाणी होतं आणि तिथली माणसं पार सोलापूरकडे माळावर नेऊन बसवली होती.

तेवढ्यात मागच्या दारातून काशीवहिनी आल्या. नवी चोळी, हातभर बांगड्या, डोक्यावरून पदर, आणि हातात बांधलेलं गाठोडं. मला बघून त्या थबकल्या. तात्या म्हणाले, "ये. भाऊसाहेब घरचंच हायेत." त्यांनी जीपला किल्ली दिली, ती वाटेच्या तोंडाशी ठेवली आणि पालथे पडले. गाडी निघाली. वहिनी तिच्या बाजूनं एकेक पाऊल चालू लागल्या, आणि ती मुकाट बाई बोलायला लागली. हितं वडाखाली थांबायचं, बैल पाणी पितात. हितं आत्याचं शेत. हितनं शंभूचं शिखर दिसतं, हात जोडायचे. तात्या प्रत्येक ठिकाणी गाडी थांबवत होते आणि पुन्हा चालू करत होते. मी नकाशे काढणारा माणूस. त्या वाटेवरचा वड माझ्या एकाही कागदावर नव्हता.

सहावं वळण संपलं आणि तो लांबलचक टप्पा आला. मी हळूच विचारलं, "तात्या, हे मात्र चुकलंय. नकाशात हे अंतर एवढंसं आहे."

तात्यांनी गाल मातीवरून उचलला नाही. "तितनं तिचं घर दिसायचं, भाऊसाहेब. घर दिसतंय आन् पोचत न्हाई. लगीन झाल्यावर पयल्या पंचमीला सोडाय गेलतो तवा तीच म्हनाली, ही वाट लय लांब हाय. मग म्या तेच माप धरलं."

गाडी शेवटच्या दगडापाशी थांबली. वहिनींनी गाठोडं दगडाजवळ ठेवलं आणि थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग घरात न जाता मागच्या पायरीवर येऊन पाय पसरून बसल्या, आणि तात्या बाह्या सरसावून स्वयंपाकघरात शिरले. मला काही कळेना. तात्या आतून म्हणाले, च्या मीच टाकतोय, ती माहेरी गेलीय. बरं झालं पंचमी हाय, चिरायचं न्हाई, भाजायचं न्हाई, मला येतंय ते निस्तं उकडायला. सुपरवायझरांचा शिपाई कसलासा निरोप घेऊन आला, त्यालाही त्यांनी हेच सांगितलं. शिपायानं पायरीवर बसलेल्या वहिनींकडे पाहिलं. वहिनी बांगड्या खाली-वर करत हसत होत्या. मी त्यांना हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. या बाईबद्दल मी काय काय ठरवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरांनी मला बोलावलं. घरातून त्यांना बरंच ऐकावं लागलं असावं. ढिगारा आहे की वारूळ आहे, ते एकदा लेखी द्या, म्हणाले. माझी ख्याती अशी की अर्ध्या दोऱ्याची चूक मी कधी केली नाही. मी नकाशा काढला, सहाही वळणं जशीच्या तशी दाखवली, शेवटच्या टप्प्याचं अंतर तात्यांच्या मापानं लिहिलं, आणि अभिप्रायात लिहिलं की सदर ठिकाणी वारूळ असून कॉलनीतील महिला तेथे पूजा करतात, सबब हलवू नये. खाली ठसठशीत सही केली.

चौथ्या दिवशी पावसानं जरा उघडीप दिली. तात्या वर्दी घालून, केस ओले करून चापून बसवून, वाटेच्या शेवटच्या दगडापाशी गेले. बायकोला आणायला निघालेला माणूस असाच दिसतो. त्यांनी जीप उचलून तिचं तोंड परतीच्या बाजूला फिरवलं, किल्ली दिली, आणि पालथे पडायला वाकले. वहिनी पायरीवरून उठल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघून म्हणाल्या, "आवं, अजून एक दीस ऱ्हाऊ का?"

निघायची वेळ ठरली की साहेब दारात असोत नसोत, तात्यांची गाडी मिनिटभरही थांबत नसे. तात्या उठून उभे राहिले. जीपची किल्ली काढून त्यांनी खिशात टाकली आणि वर्दीच्या बाह्या वर केल्या.

"मग म्या भात टाकतो," ते म्हणाले, आणि आत गेले.