पाचव्या रविवारचं सफरचंद

चित्रकलेच्या वर्गात पाचव्या रविवारीही सफरचंदच होतं. टेबलावर निळं कापड, त्यावर एक लालभडक सफरचंद आणि डावीकडच्या खिडकीतून येणारा उजेड. नवशिक्यांनी आधी एक गोल वस्तू नीट बघायला शिकावं, असा वर्ग घेणाऱ्या बाईंचा आग्रह. दर रविवारी नवं सफरचंद येई आणि वर्ग संपला की बाई त्याच्या फोडी करून सगळ्यांना वाटत. "इतका वेळ बघितलंत, आता चवही कळू दे," असं त्या म्हणत.

टेबलाला लागून असलेली खुर्ची तपासनिसांची. बिस्किटांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं होतं. डोळे तक्त्यावर ठेवायचे, हात ट्रेकडे न्यायचा, बिस्कीट उचलून चावायचं आणि तक्त्यात बरोबरची खूण करायची. निवृत्त झाल्यावर ते महिनाभर घरातला स्वयंपाक तपासत राहिले, तेव्हा बायकोनेच या वर्गाची जाहिरात कापून त्यांच्यापुढे ठेवली.

आता तीच बायको त्यांच्या मुळावर उठली होती. पहिल्या रविवारचं चित्र बघून ती म्हणाली होती, "टोमॅटो." दुसऱ्याला म्हणाली, "बीट." तिसरं चित्र तिने चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "कुणाचा गुडघा हा?" चौथ्याला ती काहीच बोलली नाही, ते तपासनिसांना फार लागलं. शेवटी पैज ठरली. पाचव्या रविवारी त्यांनी रंगवलेलं सफरचंद कुणी न सांगता तिने ओळखलं तर वर्ग चालू. नाहीतर पुढच्या रविवारपासून माळा आवरायला घ्यायचा. माळ्यावर वीस वर्षांचं सामान होतं आणि त्यातलं निम्मं काय आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

चहाच्या सुट्टीत सगळे व्हरांड्यात गेले, पण तपासनीस जागचे हलले नाहीत. कागदावरच्या सफरचंदाला काही केल्या गोलाई येत नव्हती. मान खाली घालून ते सावली गडद करत राहिले. अकरा वाजले. अकराला खायचं म्हणून बायकोने पिशवीत एक हिरवं सफरचंद दिलं होतं. पोटाला वेळ बरोबर कळली, पण हाताने एकतीस वर्षांचा रस्ता धरला. "करकरीत आहे," असं मनाशी म्हणत तपासनिसांनी कागदाच्या कोपऱ्यात बरोबरची खूणही केली. मग सावली बघायला मान वर केली, तर निळ्या कापडावर काहीच नव्हतं आणि डाव्या हातात अर्धं सफरचंद होतं.

दुसरा कुणी असता तर सरळ कबूल करून मोकळा झाला असता. पण तपासनिसांनी आयुष्यात चार कामगारांना माल खाल्ल्याबद्दल लेखी समज दिली होती. त्यांनी उरलेलं अर्धंही खाऊन टाकलं, कारण अर्धा पुरावा ठेवण्यात काही अर्थ नव्हता. मधला गाभा रुमालात गुंडाळून खिशात घातला आणि पिशवीतून हिरवं सफरचंद काढून ते रंगवायला घेतलं.

सालीवर रंग ठरेना, घामासारखा ओघळून जाई. तपासनिसांनी बेसिनवरचा साबण आणून कुंचल्याला चोळला, तेव्हा कुठे रंग धरला. शेजारच्या खुर्चीवर एक दंतवैद्य बसत. त्यांनी आपल्या कागदावर मूळ सफरचंदाचा एकेक डाग टिपून ठेवला होता. ते चित्र बघून तपासनिसांनी देठाजवळचा पिवळा पट्टा काढला, पोटावरचा तपकिरी ठिपका काढला. जिवाच्या आकांताने रंगवताना बाईंनी महिनाभर घोकून घेतलेलं सगळं त्यांना एकदम आठवलं. उजेडाच्या बाजूची चमक, पलीकडची सावली, सावलीत उतरलेला कापडाचा निळा. व्हरांड्यात पावलं वाजली तेव्हा सफरचंद निळ्या कापडावर होतं आणि तपासनीस कागदात डोकं खुपसून बसले होते.

कुणालाही काही कळलं नाही. थोड्या वेळाने सूर्य ढगाआड गेला, खोली मंदावली, पण सफरचंदावरची चमक जशीच्या तशी राहिली. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"बघा सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "ढग आलाय, तरी चमक गेलेली नाही. म्हणून मी म्हणते, नीट बघायला शिका."

सगळ्यांनी नीट बघितलं. दंतवैद्यांनी जरा जास्तच नीट बघितलं.

साडेबाराला बाईंनी सुरी काढली. तपासनिसांच्या डोळ्यांपुढे तांबडा रंग आणि साबण खाल्लेली बारा माणसं उभी राहिली. ते उठून टेबलाच्या आणि बाईंच्या मध्ये गेले.

"बाई, ते कापू नका. मला द्या."

"अख्खं?"

"आठवण म्हणून."

बाईंनी सुरी खाली ठेवली. "काका, इतकी वर्षं शिकवतेय," त्या हळूच म्हणाल्या, "पण सफरचंदावर असा जीव कुणी लावला नव्हता."

तपासनिसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाम पुसायला त्यांनी खिशातला रुमाल ओढला आणि गाभा दंतवैद्यांच्या पायाशी पडला. दंतवैद्यांनी तो उचलला, फिरवून बघितला, एकदा टेबलाकडे बघितलं आणि तपासनिसांच्या हातात परत दिला.

"वरचा डावीकडचा दात हलतोय तुमचा. दाखवून घ्या," एवढंच ते म्हणाले.

तपासनिसांनी सफरचंद देठाला धरून घरापर्यंत नेलं आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं. पिशवीतलं चित्र काढायचा त्यांना धीर होईना. माळ्याच्या शिडीकडे एकदा बघून ते हातपाय धुवायला गेले.

"अहो, हे लाल सफरचंद कुठून आणलंत?" बायकोचा आवाज आला.

तपासनीस ओल्या पायांनीच बाहेर आले. "काय म्हणालीस?"

"सफरचंद. कुठून आणलंत?"

ते पुढे धावले, पण तोवर तिने ते नळाखाली धरलंही होतं. बेसिनमध्ये लाल, मग पिवळं, मग निळसर पाणी वाहिलं. एक बाजू हिरवी झाल्यावर तिने नळ बंद केला.

"हे तर मी सकाळी दिलेलं."

"हो."

"मग खाल्लं का नाहीत?"

"दुसरं खाल्लं," म्हणत तपासनिसांनी सगळं सांगून टाकलं. बायकोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सफरचंदाची न धुतलेली बाजू खिडकीकडे करून ती बराच वेळ बघत राहिली.

"रंगवलेलं ओळखायचं ठरलं होतं," ती शेवटी म्हणाली. "ओळखलं मी. वर्ग चालू ठेवा."

तपासनिसांना भरून आलं. बायकोने सफरचंद रंगीत बाजू पुढे करून फळीवर ठेवलं, पिशवी रिकामी करायला घेतली आणि आतला कागद बाहेर काढून हातभर लांब धरला.

"आणि हा कांदाही बरा जमलाय," ती म्हणाली.

तपासनिसांनी कागदाकडे बघितलं, फळीकडे बघितलं आणि मग माळ्याकडे बघितलं.

"सावली जरा कमी पडलीय," ते म्हणाले.