डाल्याखालचा दगडीपाला

कोल्हापूरच्या विद्यापीठातल्या मॅडम लेकीचं संशोधन बघायला घरी येणार म्हटल्यावर धामापूरच्या परशुरामने आधी कोयती उचलली. पाहुणा यायचा आणि दारात रान? छे! दोन दिवसांत त्याने दारापुढचं खळं, मागचं परडं, कुंपणाची कड सगळं बेणून काढलं, वर शेणाने सारवलं. लेक जखमेवरचं औषध शोधते हे त्याने गावभर सांगितलं होतं. कुठल्या झाडातून, हे मात्र विचारायचं राहिलं होतं.

अक्षया मॅडमना घेऊन आली आणि खळं बघून मटकन बसली.

"बाबा, माझो दगडीपालो खंय?"

"तां रान? काढून टाकलंय. बग, कसा चकाचक दिसता!"

"साखरेवाल्यांची जखम भरणारा औषध त्येच्यातच शोधतंय मी! वर्षभर नंबर लावून मोजलेली झाडा ती! आता मॅडम नमुने कसले नेतले?"

परशुरामचं तोंड एवढंसं झालं. अक्षया शेजारी धावली. तिथे शेजारीण सोकोरो टीचर नुकत्याच बेणलेल्या अंगणात हसत उभी.

"तुज्या मॅडमांसाठी एक काडी ठेवूक नाय गो!"

पाहुणीसाठी अख्ख्या वाडीने दारं बेणली होती; औषधालाही पाला उरला नव्हता. अक्षयाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काका, तुम्ही लंगडताय का?" मॅडमनी विचारलं.

"काय नाय. बेणताना कोयती लागली."

अक्षयाने त्याच्या पायाच्या अंगठ्याची चिंधी सोडली. आत हिरवागार चोथा.

"बाबा! तुमका साखर आसा, आणि असला लपवतात? पण ह्यो पालो हाडलात खंयसून?"

परशुरामने न्हाणीमागचं कोंबड्यांचं डालं उचललं. खाली दगडीपाल्याची तीन झाडं, नंबरांसकट.

"बोटाक लावूक ठेवलंय. पावण्यांका रान दिसात, म्हणान झाकलंय."

मॅडम उकिडव्या बसल्या. "तीनही मोजलेली! बी धरता येईल. अक्षया, तुझं वर्ष वाचलं."

"पण औषध अजून उंदरांच्या फुडे जावक नाय," अक्षया गरजली. "आधी दवाखान्यात चला!"

डॉक्टरांनी चोथा धुऊन काढला, नीट पट्टी बांधली, वर चांगलं झापलं. परशुरामला त्याचं काही नव्हतं. तो रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होता, "उंदरांनंतर पयलो माणूस मी. औषध शोधणारा चेडू माझा!"

दुसऱ्या दिवशी झाडांना ऊन हवं म्हणून डालं निघालं आणि कोंबड्या तिकडे धावल्या. पट्टीचा पाय स्टुलावर ठेवून परशुराम काठी घेऊन पहाऱ्याला बसला होता.

"हूश! चोच लावू नको! पीएचडी आसा ती!"