लय, पट्टी आणि वाळवी

आश्विन शुद्ध तृतीया. सकाळी ढगाळ, दुपारनंतर उघडीप, वारा नाही.

एका जंगलात, मुलांनो, एक दगडी प्रार्थनाघर होते. समुद्रापलीकडून आलेल्या पाद्र्यांनी ते बांधले होते. पाद्री परत गेले. घर राहिले, आणि घरातल्या कपाटात एका स्तोत्राची सहा पाने राहिली.

स्तोत्र बरोक काळातले होते. बरोक म्हणजे काय, असे तुम्ही विचाराल. त्या काळी मोठी माणसे डोक्यावर खोटे केस लावत आणि देवाला खरी हाक मारत. एका आवाजात ती पोहोचणार नाही, म्हणून चार आवाजांत मारत.

त्या जंगलात एक दयाळ पक्षी राहत असे. त्याला सगळे मास्तर म्हणत. सहाही पाने एकदा सलग गायची, ही इच्छा मनात ठेवून मास्तरांचे गुरू गेले होते. आता मास्तरांचेही वय झाले होते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आवाज टिकेल, असे त्यांना वाटत नव्हते. खर्जाला त्यांनी भिवाअण्णा बेडूक आणि त्याचे अकरा भाऊ धरले होते.

पण प्रार्थनाघरात गायचे तर कला खात्याची परवानगी लागे. खात्याचा चिटणीस होता कोल्हा.

"लय, पट्टी आणि भाव," अर्ज बघून कोल्हा म्हणाला. "तिन्ही रकाने रिकामे."

भिवाअण्णा दचकला. "साहेब, आम्ही डबक्यात राहणारी माणसं. आम्हाला कसली आलीय पाणीपट्टी?"

"गप रे. गाण्याची पट्टी विचारतायत," मास्तर म्हणाले. "साहेब, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात हे तिन्ही लिहिलेलं होतं. तो कोपरा कुणीतरी खाल्लाय. पण त्यानं अडत नाही. श्वास पुरेल ती लय, बेडकांना झेपेल ती पट्टी."

"आणि भाव?"

"तो गाता गाता येतो."

"न कळवता येतो तो पाहुणा, मास्तर. भाव अर्जात आधी लिहावा लागतो."

कोपरा कोणी खाल्ला, याची चौकशी सुरू झाली. चतुर्थीला, शिंतोडे पडत असताना, वाळवी स्वतःच कचेरीत आली.

"मी खाल्ला," ती म्हणाली.

आता हिला शिक्षा होणार, असे मास्तरांना वाटले. पण कोल्हा खुर्चीतून उठला आणि त्याने हात जोडले.

"बाई, म्हणजे या विषयाचा अभ्यास जंगलात फक्त तुमचाच! सांगा, लय कोणती होती?"

"शाई घट्ट होती. सावकाश खावं लागलं."

"विलंबित," कोल्ह्याने लिहिले. "पट्टी?"

"काळी. शाई काळीच असते."

"काळी किती?"

"चार घास झाले."

"काळी चार!" कोल्हा मास्तरांकडे वळला. "बघा, याला म्हणतात ग्रंथ पचवणं. भाव, बाई?"

वाळवीने डोळे मिटले. "कोपऱ्यावरून भाव सांगणं उथळपणाचं होईल. सगळं पान बघावं लागेल."

"अवश्य बघा."

"आमच्यात बघणं म्हणजे खाणं."

"पद्धतीत खातं ढवळाढवळ करत नाही."

मास्तर कळवळून म्हणाले, "साहेब, आधी निदान नक्कल तरी करून घेऊ द्या!"

"नकलेत मूळचा भाव उतरत नाही, मास्तर. गाणाऱ्याला एवढं कळू नये?"

पंचमीला पहिले पान संपले. वाळवीचा अभिप्राय आला : भाव दुःखाचा. दुसऱ्या पानावरून तो आनंदाचा वाटला. मतभेद मिटवण्यासाठी चारशे वाळव्यांची उपसमिती नेमली गेली. तिने सप्तमीपर्यंत पाचव्या पानापर्यंतचा अभ्यास संपवला.

सहावे पान मात्र कपाटात नव्हते. ते मास्तरांनी आपल्या घरट्यात लपवले होते. स्तोत्राची शेवटची ओळ त्या पानावर होती. तेवढी तरी गाता यावी, म्हणून ते बारा बेडकांकडून ती घोकून घेत होते.

"मास्तर, एक सांगू?" भिवाअण्णा म्हणाला. "मला अर्थ काही कळत नाही. पण ही ओळ म्हटली की पोटातलं पाणी हलतं."

"तोच भाव, भिवा."

"मग अर्जात लिहा की, पोटातलं पाणी हलतं!"

"रकाना लहान आहे रे."

बेडकांच्या घोकण्यावरून उपसमितीला पानाचा पत्ता लागला, आणि ती घरट्याच्या झाडाच्या बुंध्यापासून अभ्यासाला लागली. दशमीला दुपारी झाड पडले. सहाव्या पानाचा अभिप्राय एकादशीला मिळाला आणि परवानगी निघाली : लय विलंबित, पट्टी काळी चार, भाव गंभीर आनंदाचा.

पौर्णिमेला सकाळी आभाळ स्वच्छ होते. कार्यक्रमाला सिंहमहाराज आले. वाळवीला शाल देण्यात आली. कोल्ह्याने परवानगीचा कागद मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाला, "हं मास्तर, करा सुरू!"

"काय करू, साहेब?"

"स्तोत्र. आता त्यात शंकेला जागाच उरली नाही."

मास्तरांनी बेडकांकडे पाहिले आणि मान हलवली. तेराही जणांनी मिळून ती एकच ओळ उचलली. सिंहमहाराज जांभई अर्धी सोडून सरळ बसले. मागच्या रांगेतल्या हरिणांनी चघळणे थांबवले.

कोल्ह्याने घंटी वाजवली.

ओळ सतराव्या मात्रेवर बंद करण्यात आली. कारणे नोंदवली गेली ती अशी : लय मध्य, पट्टी पांढरी दोन, भाव विनापरवाना. मास्तरांना एक वर्ष गाण्यास मनाई झाली. स्तोत्राची पाने सहा होती, शिल्लक एकही नाही. परवानगीचा कागद एक, तो शाबूत आहे.

तात्पर्य : मुलांनो, ग्रंथ वाचू नये आणि गाऊ तर मुळीच नये. वाचणाऱ्याला परवानगी मागावी लागते. खाणाऱ्याला ती देता येते.