बिनआवाजाची बंदूक

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मागाहून वाद नको. बंदुकीच्या बाबतीत माहा हात धरणारा माणूस त्या काळी आख्ख्या मेहकर तालुक्यात नव्हता! तुम्ही विचाराल, 'हिंमतराव, मग हरणं मारली किती?' तर तीन. हाव, तीनच! पण तिन्ही एकेका गोळीत गार! महाराष्ट्र नवीनच झाला होता, पिकाच्या राखणीचं लायसन होतं, चुलत्याची जुनी रायफल माह्या नावावर झाली होती, अन् हरभऱ्यात हरणांचे कळप असे शिरत की जसे काही बारशाले बोलावले आहेत. अडचण नेमाची नव्हतीच. अडचण होती आवाजाची.

आमच्या गावचा एक जुना रिवाज आहे. ज्याच्या कानावर बार पडला, त्याचा शिकारीत वाटा! म्या बंदूक झाडायची अन् धूर विरायच्या आत अर्धं गाव गंज, पातेली, कटोरे, जे भांडं हाती लागन ते घेऊन माह्या ओट्यावर हजर. शेजारची म्हातारी तानुबाई कानानं ठार बहिरी. तिच्या दारात बैल हंबरला तरी तिले पत्ता नसतो. पण माहा बार? दोन कोसांवर झाला तरी सगळ्यात पुढं तिचा गंज! तिसऱ्या हरणाच्या वेळी वाटे करता करता माह्या घरी उरली ती फक्त शिंगं. माही बायको वच्छला ती शिंगं हातात घेऊन माह्यासमोर उभी राह्यली.

"अवो," ती म्हणे, "यायची सुकी भाजी करू का रस्सा?"

तेव्हा म्या हसण्यावारी नेलं. पण त्या माघात गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राह्यली नाही, कारण मधे पोरीचा जीव अडकला होता.

आमच्या अन्नपूर्णेच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या. वच्छलेच्या मते दोन्ही माह्या तोंडानं मोडल्या. पह्यल्या पाव्हण्याले म्या दोन विहिरी सांगितल्या. तो पाह्याले निघाला अन् एकच सापडली. दुसऱ्याले म्हटलं, तहसीलदार आपल्याकडं चहाले येतात. तो म्हणे, बोलवा! आता तिसरं स्थळ आलं होतं जळगाव जामोदचं. भगवानरावांचा पोरगा मास्तर होता. अन्नपूर्णेनं फोटो पाह्यला अन् तीन दिवस पोळ्या करपवल्या. बापाले एवढं समजते हो! मले बी मनातून वाटे, हे जमलंच पाह्यजे.

म्हणून म्या भगवानरावांले झोकात पत्र लिहिलं, 'पोरगी पाह्याले यावे. हरणाचे मटण खाऊ घालतो.'

उलट टपाली कार्ड आलं, 'रविवारी सकाळी येतो. हरणासाठी मुद्दाम येतो.'

वच्छलेनं ते कार्ड दोनदा वाचून घेतलं अन् कपाळाले हात लावला. "काऊन लिहिलं असं? वांग्याची भाजी काय वाईट होती? आता ही सोयरीक मोडली तर मी माहेरी जाईन अन् तुम्ही बसा तुमच्या बंदुकीसंगं!"

म्हणजे पाहा, हरीण मारणं हे माह्यासाठी डाव्या हाताचं काम! पण ते आख्खं घरापर्यंत आणायचं कसं? म्या माहा मित्र कडूबा हवालदार याच्याकडं गेलो. कडूबा पलटणीतून पेन्शनीत आलेला, त्यामुळं त्याले सगळं माहीत असे.

"सोपं आहे भाऊ," कडूबा मिशीवर हात फिरवत म्हणाला. "आमच्या एका साहेबाच्या रायफलीच्या तोंडाले लोखंडी नळकांडं होतं. सायलेन्सर! गोळी सुटली की बार नाही, नुसतं फुस्स! कान बधिर होत नाहीत, खांद्याले धक्का कमी, अन् बाजूची हरणं मान बी वर करत नाहीत."

"पण बे कडूबा, बार झालाच नाही तर गावाले कळन कसं का म्या शिकार केली?"

"कळूच द्यायचं नाही ना! त्याच्यासाठीच तर लावायचा!"

आली का पंचाईत! तीन दिवस माह्या डोक्यात तेच. लावू का नको? सकाळी वाटे लावावा, पोरीच्या संसाराचा सवाल आहे. दुपारी वाटे छट्, नेम मारायचा अन् कोणी 'वाहवा' म्हणाले नाही, तर तो नेम काय कामाचा? वच्छलेले विचारलं तर ती म्हणे, "गावचा वाटा चोरून पाव्हण्याले खाऊ घालणार? माह्या मनाले नाही पटत. मग तुम्ही जाणा." मले बी आतून कसनुसं झालं, खोटं काऊन बोलू! शुक्रवारी रात्री म्या ठरवलं, नाही लावायचा.

शनिवारी सकाळी ओट्यावर आलो तर समोर तानुबाई राखेनं गंज घासत बसलेली. साधा नाही, लग्नातला मोठा गंज!

"हिंमत्या," ती ओरडली, "उद्या पाव्हणे येऊन राह्यले म्हणे! मंग बार होईनच!"

तसाच उलट्या पावली कडूबाकडं गेलो अन् म्हटलं, "लावायचा!"

आता सायलेन्सर आणायचा कुठून? कडूबा म्हणे, सायलेन्सर म्हणजे सायलेन्सर, इंजिनाचा काय अन् बंदुकीचा काय! गावात इंजिन एकच, पुंजाजीच्या पिठाच्या चक्कीचं. त्याच्या धुराच्या नळीले हा एवढा लोखंडी डबा होता, म्हणून ते बिचारं पुकपुक करत चाले. पुंजाजी भला माणूस. पण म्या त्याले खरं कारण सांगितल्यावर तो हळूच म्हणाला, "मागची मांडी माही. अन् कोणाले सांगू नका. तशी बी रविवारी सकाळी चक्की बंदच राह्यते."

झालं! डबा निघाला. रायफलीच्या तोंडाले तो सुतळीनं अन् सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधला. डबा घागरीएवढा, अन् आत दहा वर्षांची काजळी! बंदूक अशी दिसाले लागली, की जसा सापानं बोकड गिळला अन् तोंडाशीच अडकला.

रविवारी तांबडं फुटताच आम्ही हरभऱ्याच्या बांधाआड. बंदूक काही उचलेना! मी दस्ता उचलला की डबा जमिनीवर, डबा उचलला की दस्ता माह्या नाकावर. शेवटी कडूबा समोर ओणवा झाला अन् डबा त्याच्या पाठीवर टेकवला.

"भाऊ," तो खालून कण्हला, "गोळी डब्यातूनच जाईन ना? माह्यातून तर नाही?"

"चूप बे! हरणं आली!"

अन् खरंच आली! अकरा हरणं, पुढं काळा नर, मजेत घाटे खाऊन राह्यला! म्या नेम धरला, तर डोळ्यासमोर नुसता डबा! हरीण नाही, हरभरा नाही, आभाळ नाही! डबा डावीकडं सरकवला की कडूबा डावीकडं कलंडे. काजळी उडून त्याच्या नाकात गेली. तो श्वास रोखून लालभडक झाला. म्हटलं, आता जे होईन ते होवो! म्या अंदाजानं नेम धरला, अन्नपूर्णेचं नाव घेतलं, डोळे मिटले अन् घोडा दाबला.

धाड!

धाड! धाड! धाड! धाड!

अहो, थांबेचना! म्या घोडा सोडला तरी बंदूक वाजूनच राह्यली! "कडूबा! बंद कशी करायची?" मी बोंबललो. पलटणीतला एवढा शूर माणूस, पण कानावर हात धरून बांधाखाली लोळला. म्या बंदूक फेकून दिली. तरी धाड! धाड! हरणं केव्हाच अमडापूरच्या दिशेनं पसार! मी कडूबाच्या अंगावर आडवा पडलो अन् दोघंही देवाचं नाव घेऊ लागलो.

थोड्या वेळानं कडूबानं एक डोळा उघडला. "भाऊ, बंदूक तर इथं गप पडेल आहे. अन् आवाज गावातून येऊन राह्यला!"

जवळ जाऊन पाह्यलं, तर गोळी अडवून धरणारा बंदुकीचा खटका काढायचाच राह्यला होता. माही गोळी सुटलीच नव्हती! मग हे बार कायचे?

सांगतो. भल्या पहाटे वच्छलेच्या लक्षात आलं का पाव्हण्याच्या पोळ्यांले पीठ पुरत नाही. तिनं पायलीभर गहू डोक्यावर घेतले अन् पुंजाजीचं दार वाजवलं. तिले डब्याचं काही माहीत नव्हतं, कारण म्या सांगितलंच नव्हतं. पुंजाजी काय म्हणणार? तुमच्याच नवऱ्यानं चक्कीचं तोंड पळवलं म्हणून? बिचाऱ्यानं देवाले नमस्कार करून तसंच इंजिन चालू केलं. अन् बिनडब्याचं ते इंजिन तोफखान्यासारखं सुटलं!

आम्ही डब्यासकट बंदूक दोघांच्या खांद्यावर टाकून धावत घरी आलो. अंगणात मुंगीले शिराले जागा नव्हती! गंज, पातेली, परात, टोपले! एकानं तर बैलगाडीच जुंपून आणली होती.

"हिंमत्या!" तानुबाई पुढं आली. तिचे डोळे आनंदानं भरले होते. "म्या मोजले! चाळीस बार! चाळीस हरणं, लेका! आणली कुठं?"

"तानुबाई, एक बी नाही!" म्या तिच्या कानात ओरडलो.

"एक बी नाही राह्यलं आणायचं? वा! गाडीत आहेत का मंग?"

लोकं गाडी पाह्याले धावले. गाडी रिकामी पाहून एक म्हणे, शेतात लपवली असन! दुसरा म्हणे, चाळीस हरणं लपतीन तरी कुठं? तेवढ्यात पुंजाजी पिठानं पांढराफटक होऊन गर्दीत घुसला. "हिंमतराव, माहा डबा द्या! चक्की फुटाले आली! गहू अर्धेच दळले गेले!"

सगळ्यांच्या नजरा आमच्या खांद्यावरच्या बंदुकीकडं. अन् नेमक्या त्याच वेळी गर्दी बाजूले सारत एक फेटेवाला माणूस आत आला. भगवानराव! मेहकरले मुक्काम करून सकाळच्या एस.टी.नं उतरले होते.

"राम राम," ते म्हणाले. माहं तोंड काजळीनं काळं, कडूबाचं त्याहून काळं. "हिंमतराव कोणते?"

दाराआड अन्नपूर्णा उभी होती. नवं पातळ, केसात शेवंती, अन् डोळ्यात पाणी तरारलेलं. ते पाह्यलं अन् म्या खांद्यावरची बंदूक खाली ठेवली. म्या मनातल्या मनात चार-पाच थापा जुळवल्या होत्या बरं का, चांगल्या होत्या! पण एक बी तोंडातून निघेना.

"मीच हिंमतराव," म्या म्हटलं. "अन् ऐका सगळे. हा चक्कीचा डबा म्या बंदुकीले लावला, तुमचा वाटा चुकवाले. पोरीच्या पाव्हण्याले आख्खं हरीण खाऊ घालायचं होतं. हरीण भेटलं नाही. बार चक्कीचे होते. माह्या बंदुकीतून गोळी बी सुटली नाही. घरात वांग्याची भाजी आहे, बस!"

मग कोणीतरी ते सगळं तानुबाईले हातवारे करून समजावलं. म्हातारीनं रिकामा गंज माह्यासमोर आपटला.

"बार ऐकला का नाही आम्ही?" ती म्हणाली. "ऐकला! मग वाटा पडन! हरीण नाही तर वांगं! वच्छले, भाजीचं भगोणं बाहेर आण!"

अन् वच्छलेनं आणलं बाप्पा! तिच्या तोंडावर राग होता का हसू, मले काही समजलं नाही. तानुबाई पळी घेऊन बसली. एकेका गंजात एक पळी वांगं, वर चतकोर भाकर, कारण पोळ्यांचं पीठ चक्कीत अडकलं होतं. मी भगोण्यात डोकावून राह्यलो, पाव्हण्याले काय उरन? एवढ्यात पाह्यतो तर काय, भगवानराव धोतर सावरत रांगेत उकिडवे बसलेले!

"अहो पाव्हणे, तुम्ही वर बसा!"

"काऊन? एस.टी.तून उतरता उतरता म्या बी ऐकले बार. माहा बी वाटा!"

तानुबाईनं त्यांच्या ताटलीतही मोजून एकच पळी टाकली. त्यांनी ती चाटूनपुसून खाल्ली, हात धुतले, अन्नपूर्णेच्या हातचं पाणी प्याले, तिले दोन शब्द विचारले. मग माह्यासमोर येऊन उभे राह्यले. गाव गंज घेऊन तिथंच थांबलेलं.

"हिंमतराव," ते म्हणाले, "म्या आजवर सहा घरं पाह्यली. सहाच्या सहा जणांनी गोड बोलून काही ना काही लपवलं, अन् मी घरी जाईपर्यंत ते लपलं बी! तुमची गोष्टच वेगळी. तुम्ही एक बार लपवाले गेले अन् चाळीस वाजवून आले! ज्याले कोणाले फसवता येणं शक्यच नाही, असा व्याही मले दिवा घेऊन शोधला तरी भेटणार नाही. पोरगी आम्हाले पसंत आहे."

माही छाती अशी फुगली म्हणता! म्या वच्छलेकडं वळलो. "ऐकलं का? पाव्हण्यानं गावासमोर माही तारीफ केली!"

"हाव, ऐकली," वच्छला पदराआडून म्हणाली. "लवकर हो म्हणा. तुम्हाले ती तारीफ समजायच्या आत!"

म्या लगेच हो म्हटलं. अन् आता तुमच्यापासून काय लपवायचं, ती तारीफ समजाले मले पुढं आठ दिवस लागले.