शेवटाला हरकत

दबोराला वाटले होते, जगाच्या शेवटाची भाकिते खोटी ठरल्यामुळे गाव ओशाळले असेल; पण चांदेवाडीत जग ठरल्या तारखांना चारदा संपले होते आणि ख्रिस्ती मंडळीच्या नोंदवहीत तशा पंचांच्या सह्या होत्या.

"मागच्या खेपेला अकरा मिनिटं काहीच नव्हतं," तिचे वडील शांतवन म्हणाले. "डोंगर नाही, विहीर नाही, मी नाही. मग सगळं परत आलं. एक घमेलं तेवढं आलं नाही."

कॅनडात सहा वर्षे तर्कशास्त्र शिकून आलेल्या दबोराने वही चाळली. पाचवा शेवट येत्या रविवारी, उपासना सुटल्यावर होता. म्हणून शाळेची फुटकी कौले कोणी बदलली नव्हती, कांदा कोणी लावला नव्हता, आणि शांतवन मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घ्यायला तयार नव्हते. आणखी थांबलात तर डावा डोळा हातचा जाईल, असे डॉक्टर बजावून थकले होते.

"शेवट बघायला एवढं दिसतंय ते पुष्कळ झालं."

"आणि झाल्यावर?"

"झाल्यावर काय बघायचंय, दबू?"

"चारदा झाला, पप्पा. दर खेपेला दुपारी तुम्ही भाकरी मागितलीत."

"भूक लागली होती," शांतवन प्रामाणिकपणे म्हणाले.

चांदेवाडीत शेवटाचा पुकारा लग्नासारखाच होई. तीन रविवार उपासनेत वाचायचा आणि कोणाची हरकत आहे का, विचारायचे. आजवर कोणी घेतली नव्हती. तिसऱ्या, म्हणजे शेवटाच्याच रविवारी पाळकसाहेबांनी विचारले आणि पान उलटायला बोट ओले केले.

"माझी आहे," दबोरा उभी राहिली.

"अगं बाई," मागच्या बाकावर एस्तेरमावशी पुटपुटल्या, "मी स्वयंपाकसुद्धा केला नाही आज!"

"हरकतीला कारण लागतं," पाळकसाहेब शांतपणे म्हणाले. "जवळचं नातं, कमी वय, किंवा आधीचं लग्न."

"आधीचं लग्न. हे जग पहिल्या शेवटाशी बांधलेलं आहे, सह्या आहेत. ती गाठ मोडल्याची नोंद दाखवा. तुम्ही तर पाचवा लावताय."

"पोरी, पवित्र शास्त्रात लिहिलंय हे."

"तारीख लिहिलेली नाही. ती तुम्ही घातलीत. त्या तारखेपायी माझ्या बापाचा डोळा चाललाय. देवानं जग केलं आणि चांगलं आहे म्हणाला. तुम्ही चारदा संपवून काय केलंत? एक घमेलं घालवलंत!"

पंच आतल्या खोलीत गेले. बाहेर येऊन थोरले पंच यहेज्केल पाटोळे म्हणाले, "हरकत दाखल. सुनावणी पुढल्या रविवारी. तोवर शेवट नाही."

एव्हाना डोंगराची कड विरायला लागली होती. यहेज्केलरावांनी खिडकीतून डोंगराला वही उघडून दाखवली. कड पुन्हा घट्ट झाली.

"म्हणजे चूल पेटवा आता," म्हणत एस्तेरमावशी तणतणत घरी गेल्या.

वाटेत शांतवन तिच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. मग म्हणाले, "आणि फेटाळली तर?"

"चार शेवट झालेत, पप्पा. एकेकाच्या नावानं एकेक हरकत."

सोमवारी सकाळी दबोरा उठली तेव्हा शांतवन दाढी करून, टोपी घालून ओट्यावर बसले होते. तालुक्याला, डॉक्टरांकडे नेणारी एसटी यायला अवकाश होता. तिने तिथेच ठरवून टाकले: ही हरकत डाव्या डोळ्यासाठी. दुसरी उजव्यासाठी. तिसरी शाळेच्या कौलांसाठी. आणि चौथी, घमेले परत मिळेपर्यंत मागे घ्यायची नाही.