आमच्याकडे ध्यान एकच

अन्याय बोकारेकाकांवर झाला. गेल्या मंगळवारी, भर दुपारी, टीटी नगरातल्या त्यांच्याच बैठकीत, मी समोर बसलेली असताना.

आधी काका कोण ते सांगते. सरकारी कचेरीतून निवृत्त, घराणं मूळचं नागपूरचं, माझे भिंतीला भिंत शेजारी. जाहिरातींची वाट बघणारा मला माहीत असलेला एकमेव माणूस. मालिका चालू असली की पंख्याकडे बघत जांभया देणार, जाहिरात लागली की खुर्चीत सावरून बसणार. काही बोलायला जावं तर हात वर करून म्हणणार, "थांब बापा, ब्रेक लागू दे." त्यांच्या मोबाइलवरची जाहिरात स्किप करायला मी बोट पुढे केलं, तर माझ्या हातावर चापट बसली. "काय करून राहिली तू? तेवढ्यात बोलून घे न." जाहिरातबाजीविरुद्ध पत्रकं वाटून माझ्या चपला झिजल्या, आणि शेजारी हे.

अशा माणसाकडे एमपी नगरातल्या एका कंपनीचा साहेब यंत्र घेऊन आला. लोक जाहिराती खरंच बघतात का, हे मोजायचं यंत्र. टीव्हीवर कॅमेरा, तो डोळे कुठं वळतात ते टिपणार. सोबत रिमोट, त्यावर घरातल्या प्रत्येकाचं एक बटण, टीव्हीसमोर बसताना दाबायचं. साहेब म्हणाला, "अंकल, आपके घर का ध्यान नापेंगे."

तेव्हा सुमनकाकू होत्या. स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "मोजायचं काय त्यात? आमच्याकडे ध्यान एकच. ते समोर बसलंय." साहेबाला काही कळलं नाही. हिंदीत ध्यान म्हणजे लक्ष. मराठीत ध्यान म्हणजे बोकारेकाका. काका हा किस्सा कॉलनीभर सांगत हिंडले.

दिवाळीनंतर काकू गेल्या. यंत्र राहिलं.

मंगळवारी साहेब परत आला आणि बसायच्या आधीच त्यानं निकाल दिला. तुमचं घर बाद. दोन नंबरचं बटण रोज दाबलं जातं, पण कॅमेऱ्याला दुसरा चेहराच दिसत नाही. आणि एक नंबरचा माणूस नेमकी जाहिरात लागली की तोंड फिरवतो. ही फसवणूक आहे, म्हणाला.

मी हादरले. म्हणजे काका जाहिराती बघतच नव्हते? तरी भांडायला उठलेच. काकांनी हात वर केला. टीव्ही बंद होता, ब्रेक नव्हता, तरी ते बोलले. कोपऱ्यातल्या वेताच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत.

"मालिकेत बोललेलं तिला खपत नसे. म्हणे, काय सांगायचं ते ब्रेकमध्ये. उभा संसार आम्ही ब्रेकमध्येच बोललो. आता ब्रेक लागला, तर मी कुठं बघू?"

हे साहेबाला हिंदीत सांगायचं माझ्यावर आलं. मला जमलं नाही.

त्यानं वायरी गुंडाळल्या. कॅमेरा न्या, रिमोट तेवढा राहू द्या, एवढंच काका म्हणाले. नियमात बसत नाही, म्हणाला. काकू घरात आहेत असं मानणारी ती एकच वस्तू होती, तीही पिशवीत गेली. माणसाची नजर कुठं वळते ते या लोकांना केसाइतकं अचूक कळतं. कोणासाठी वळते, हे विचारावंसं वाटत नाही. आणि फसवणारे म्हणे काका.

तो रिमोट परत कसा आणायचा ते मी बघते, भांडणं हेच माझं काम आहे. तुमच्याकडे मागणी वेगळी. काकांकडे संध्याकाळी टीव्ही अजून लागतो, दार उघडंच असतं. जा. वेताची खुर्ची सोडून बसा, मालिका चालू असेतो गप्प राहा, आणि ब्रेक लागला की बोला.